स्वतःच पकडलेल्या आरोपीचे वकीलपत्र

पत्राचा सारांश : पत्रलेखिका पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवतात आणि फावल्या वेळात एक रहस्यकादंबरी लिहीत आहेत. कादंबरीचा नायक पोलीस निरीक्षक असताना २०१६ साली साखर कारखान्यातील एका कारकुनाच्या खुनाचा तपास करतो, एका ट्रॅक्टरचालकाला अटक करून त्याच्यावर दोषारोपपत्र दाखल करतो, पुढे स्वेच्छानिवृत्ती घेतो आणि कायद्याची पदवी मिळवून वकील होतो. खटला सुनावणीला येतो तेव्हा आरोपीची बायको त्याच्याकडेच येते. आपल्या तपासात काहीतरी चुकले आहे हे ध्यानात आल्यावर तो तिच्या नवऱ्याचे वकीलपत्र घेतो आणि शेवटच्या प्रकरणात उलटतपासात खऱ्या खुन्याकडून भर कोर्टात कबुली मिळवतो. या कथेचे बीज लेखिकेला तिच्या मामांच्या आठवणींतून मिळाले. मामा सहायक पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत. हस्तलिखित वाचून ते म्हणाले, की हा माणूस त्या खटल्यात वकील म्हणून उभाच राहू शकत नाही, तेव्हा सगळी कादंबरीच खोटी आहे. शिवाय पोलीस चुकल्याचे दाखवू नकोस, आणि ही केस कोणती ते आपल्या भागात सगळे ओळखतील. एका प्रकाशकाने मात्र कायद्याचा तपशील कमी करून वेग वाढवावा असे कळवले आहे. कथा आहे म्हणून एवढी मोकळीक घ्यावी, सगळे पुन्हा लिहावे, की मामांचे मन राखून हस्तलिखित बाजूला ठेवावे, असे त्या विचारतात.

उत्तर :

तुमच्या मामांचा पहिला आक्षेप पूर्णपणे बरोबर आहे, आणि कादंबरीत एवढे चालते असे म्हणून तो तुम्ही उडवून लावू नये. मात्र त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. ज्या नियमामुळे तुमचे कथानक कोसळते असे तुम्हा दोघांनाही वाटते, त्याच नियमात तुम्ही लिहिलेल्या कथानकापेक्षा अधिक बळकट कथानक दडलेले आहे.

आधी तो नियम पाहू. अधिवक्ता अधिनियम, १९६१ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने वकिलांच्या आचरणाचे नियम केलेले आहेत. ज्या प्रकरणात आपल्याला साक्षीदार व्हावे लागेल असे मानण्यास कारण आहे, त्या प्रकरणाचे वकीलपत्र वकिलाने स्वीकारू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. तपास अधिकारी तर सरकार पक्षाचा हमखास साक्षीदार असतो. अटक त्याने केलेली असते, पंचनामे त्याच्या समोर झालेले असतात, साक्षीदारांचे जबाब त्याने नोंदवलेले असतात आणि दोषारोपपत्राला जोडलेल्या साक्षीदारांच्या यादीत त्याचे नाव असते. म्हणजे ट्रॅक्टरचालकाची बायको तुमच्या नायकाच्या कार्यालयाची पायरी चढते, त्याच्या कितीतरी आधीपासून तो त्या खटल्यात गुंतलेला आहे, आणि तोही दुसऱ्या बाजूने. त्याने वकीलपत्र दाखल केलेच, तर सरकारी वकील पहिल्याच तारखेला उठून हरकत घेतील. तुमच्या वाचकांत वकील, पोलीस, कोर्टातले कारकून आणि वर्षानुवर्षे तारखांना जाऊन कोर्ट कळू लागलेले पक्षकार असणार. त्यातला कोणीही हे प्रकरण वाचताना पुस्तक मिटून ठेवेल.

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाकडे वळतो. नायक वकील आहे म्हणजे निर्णायक खटल्यात त्याने युक्तिवाद केलाच पाहिजे, हे तुम्ही धरून चालला आहात. असे का असावे? पोलिसातून वकिलीत आलेल्या माणसासाठी कोर्टातली सर्वात अवघड जागा वकिलाच्या टेबलापाशी नसते. ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात असते. कल्पना करून पाहा. रोज ज्या कोर्टात तो बाजू मांडतो, त्याच कोर्टातून त्याच्या नावे समन्स निघते आणि एकेकाळी त्याच्या हाताखाली काम केलेला हवालदार ते घेऊन त्याच्या कार्यालयात येतो. साक्षीच्या दिवशी गाऊन आणि बँड बाजूला ठेवून तो पिंजऱ्यात उभा राहतो, शपथ घेतो, आणि आपण त्या काळी कोणत्या पोलीस ठाण्यात कोणत्या पदावर होतो तिथपासून सांगू लागतो. बार रूममध्ये सकाळी ज्यांच्याबरोबर चहा घेतला ते वकील मागच्या बाकांवर येऊन बसलेले असतात. तपास अधिकाऱ्याची साक्ष साधारणपणे सरकार पक्षाच्या पुराव्याच्या अखेरीस होते, त्यामुळे कथेचा कळस कुठे आणावा हे शोधण्याचे कष्टही तुम्हाला उरत नाहीत. खटल्याचा क्रमच तुम्हाला तिथे आणून सोडतो.

आरोपीच्या बायकोला तो नकार देतो, हे प्रकरण तुम्हाला नव्याने लिहावे लागेल, आणि माझ्या मते ते कादंबरीतील सर्वोत्तम प्रकरणांपैकी एक होऊ शकते. 'तुम्हीच पकडलेत, आता तुम्हीच सोडवा,' असे ती म्हणते, आणि मदत करण्याची इच्छा असूनही त्याला नाही म्हणावे लागते. तो तिला दुसऱ्या वकिलाकडे पाठवतो. समजा, लॉ कॉलेजात त्याच्याच वर्गात असलेल्या, वयाने त्याच्या मुलीएवढ्या एका वकील मुलीकडे. पुढे तीच त्याचा उलटतपास घेते. तिला त्याने किती सांगावे? तो सरकार पक्षाचा साक्षीदार आहे; केस डायरीतला, म्हणजे तपासाच्या रोजच्या नोंदवहीतला, मजकूर बाहेर नेऊन देण्याची त्याला मुभा नाही; पण शपथेवर खरे सांगण्याचे बंधनही त्याच्यावरच आहे. या तीन गोष्टींच्या पेचात सापडलेला नायक तुमच्या सध्याच्या सर्वज्ञ नायकापेक्षा मला कितीतरी अधिक जवळचा वाटतो.

साक्षीच्या प्रसंगाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण आपल्याकडच्या बहुतेक रहस्यकथांत तो दूरदर्शन मालिकांवरून उचललेला असतो. आपल्या सत्र न्यायालयांत साक्ष सामान्यतः प्रश्नोत्तरांच्या रूपात नोंदवली जात नाही. न्यायाधीश साक्षीदाराची उत्तरे सलग कथनाच्या रूपात उतरवून घेतात. त्यामुळे मराठीतल्या साक्षींना स्वतःचा असा एक साचा आहे. बचावाच्या वकिलाने सुचवलेली गोष्ट साक्षीदाराने नाकारली की 'असे म्हणणे खरे नाही की' या शब्दांनी सुरू होणारे वाक्य लिहिले जाते. जबाबात नसलेली गोष्ट साक्षीदाराने कोर्टात सांगितली, तर ती पोलिसांनी का लिहिली नाही याचे कारण सांगता येत नाही, असे त्याचे म्हणणे नोंदले जाते. तुमच्या नायकाने नोकरीच्या काळात 'खरे नाही' हे उत्तर इतक्या खटल्यांत दिले असेल, की ते त्याच्या तोंडून विचार न करता निघते. या खटल्यात एका सूचनेला तो 'खरे आहे' म्हणतो, न्यायाधीश मान वर करून पाहतात आणि टंकलेखकाची बोटे थबकतात. लगेच सरकारी वकील उभे राहून आपल्याच तपास अधिकाऱ्याला उलटतपासाच्या पद्धतीने प्रश्न विचारण्याची परवानगी मागतात. पंच फितूर होणे ही कोर्टात नित्याची बाब आहे. तपास अधिकाऱ्याविरुद्ध सरकार पक्षाने अशी परवानगी मागणे मात्र क्वचितच घडते, आणि तुमच्या कादंबरीत त्याला भक्कम कारण आहे.

मग तो नेमका कोणत्या सूचनेला 'खरे आहे' म्हणतो? इथे तुमच्या हस्तलिखितात मला खरी उणीव जाणवली. तपासात 'काहीतरी चुकले' असे तुम्ही म्हणता, पण ती चूक कायद्याच्या नजरेत भरेल अशी हवी. २०१६ साली लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यानुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नसे. अपवाद कलम २७ चा: कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी वस्तू उघडकीस आली, तर त्या माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य धरला जाई. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम २३ मध्ये ही व्यवस्था कायम आहे. त्यामुळेच खुनाच्या कितीतरी खटल्यांचा भार हत्यार जप्तीच्या पंचनाम्यावर पडतो. समजा, ट्रॅक्टरचालकाने उसाच्या फडातून कोयता काढून दिला असा पंचनामा आहे. पण तो कोयता तिथे पडलेला असल्याचे बीटवरच्या एका शिपायाने आदल्या संध्याकाळीच पाहून ठाण्यात कळवले होते आणि स्टेशन डायरीत तशी एक ओळ आहे. पोलिसांना आधीच ठाऊक असलेली वस्तू आरोपीने उघडकीस आणली असे म्हणता येत नाही, आणि हा एक धागा निसटला की खटल्याची वीण उसवते. नायकाने ती नोंद तेव्हा पाहिली होती का? पाहिली असेल, तर तिच्याकडे काणाडोळा का केला? खुनासारख्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. वरिष्ठांचे फोन, कारखान्याच्या संचालकांचा दबाव, गावात निघालेला मोर्चा आणि हाच माणूस खुनी आहे अशी त्याची स्वतःची प्रामाणिक खात्री, एवढे या चुकीसाठी पुरेसे आहे.

मामांच्या दुसऱ्या आक्षेपालाही यातूनच उत्तर मिळते. पोलीस भ्रष्ट किंवा मूर्ख दाखवणे सोपे असते आणि त्यात पोलिसाला अपमान वाटणे स्वाभाविक आहे. खात्री पटल्यावर कागद त्या खात्रीच्या बाजूने झुकवणारा प्रामाणिक अधिकारी दाखवणे हे निराळे काम आहे. असा अधिकारी वाचून तुमचे मामा रागावतीलही, पण तो खोटा आहे असे ते म्हणतील असे मला वाटत नाही.

शेवटाबद्दलही एक गृहीतक तपासून पाहा. निरपराध माणूस सुटणे आणि खरा खुनी सापडणे या दोन गोष्टी एकाच क्षणी, एकाच खोलीत घडायला हव्यात, असे तुम्ही मानले आहे. कोर्टाचे काम तसे चालत नाही. बचावाच्या वकिलाला खुनी शोधून द्यावा लागत नाही. सरकार पक्षाच्या पुराव्यात वाजवी शंका निर्माण करणे त्याला पुरते. वाचकाला मात्र उलगडा हवा असतो, आणि ही त्याची मागणी मला अवाजवी वाटत नाही. तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत.

पहिल्या मार्गात खरा खुनी सरकार पक्षाच्या साक्षीदारांतच असतो. मृत कारकुनाला आरोपीबरोबर शेवटचे पाहिले असे सांगणारा माणूस, उदाहरणार्थ. त्याच्या आणि तपास अधिकाऱ्याच्या साक्षीतून त्याच्यावरच बोट रोखले जाते आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१९ खाली न्यायालय त्याला आरोपी म्हणून समोर आणण्याचा आदेश देते. पिंजऱ्यात कोसळून कबुली देण्यापेक्षा हे शांत आहे, पण खरे आहे, आणि त्यात थरार नाही असे मला वाटत नाही.

दुसरा मार्ग अधिक अवघड आहे आणि माझा कल तिकडे आहे. खरा खुनी नायकाकडे अशील म्हणून येतो. ज्या जमिनीवरून खून झाला त्याच जमिनीच्या वाटपाच्या दाव्यात सल्ला घेताना, वकिलापासून काही लपवू नये असे कोणीतरी सांगितले म्हणून, तो सगळे सांगून टाकतो. अशिलाने व्यवसायाच्या ओघात सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय वकिलाला उघड करता येत नाही. पुढे करायच्या बेकायदा कृत्यासाठी केलेले बोलणे या संरक्षणाबाहेर राहते, पण घडून गेलेल्या गुन्ह्याच्या कबुलीला ते मिळते. कबुली मिळवण्यासाठी ज्याने उमेदीची वर्षे कोठडीत रात्री जागवल्या आणि मिळालेली कबुली कोर्टात चालत नाही म्हणून हळहळला, त्याच्यासमोर आता एक माणूस खुर्चीत बसून, कोणी हात न लावता, संपूर्ण कबुली देतो, आणि ती तो कोणालाही सांगू शकत नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट उरते: स्वतःच्या तपासाबद्दल शपथेवर खरे बोलणे. त्याने ट्रॅक्टरचालक सुटतो, खुनी मोकळा राहतो, आणि वाचकाला सगळे कळलेले असते. हा मार्ग घेतलात तर कलम ३१९ चा प्रसंग गाळावा लागेल. दोन्ही एकत्र आणण्याचा मोह टाळा.

नायकाच्या पूर्वायुष्याचा कालक्रम मात्र पटण्यासारखा आहे आणि त्याबद्दल फार चिंता करू नका. राज्य सेवेत २० वर्षांची अर्हताकारी सेवा झाल्यावर स्वेच्छानिवृत्ती मागता येते. पगारी नोकरीत राहून वकिली करता येत नाही, म्हणून सेवा सोडणे भागच आहे. नंतर तीन वर्षांचा एलएल.बी., बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद आणि ऑल इंडिया बार एक्झामिनेशन असा क्रम घ्या. त्याचे वय पन्नाशीच्या जवळ असले तरी अडचण नाही, कारण ४५ वर्षांवरील व्यक्तींना सनद नाकारणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रद्द ठरवला. अशी माणसे प्रत्यक्षात आहेतच. महाराष्ट्रात काम केलेले माजी आयपीएस अधिकारी वाय. पी. सिंग सेवा सोडून मुंबईत वकिली करू लागले हे अनेकांना आठवत असेल. आपल्याकडचे खटले ज्या गतीने चालतात ती पाहता, २०१६ चा खटला नायकाला सनद मिळेपर्यंत रेंगाळला यात कोणाला नवल वाटणार नाही.

गुन्ह्याचे वर्ष बदलू नका, अशी सूचना मी आग्रहाने करीन. १ जुलै २०२४ पासून जुनी दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी तीन नवे कायदे लागू झाले, खुनाचे कलम ३०२ ऐवजी १०३ झाले आणि झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण आवश्यक ठरले. कोयता जप्त करताना चित्रीकरण होत असेल, तर तुमच्या नायकाची चूक ज्या फटीत लपली आहे तिच्यावर प्रकाश पडतो आणि वेगळीच गोष्ट लिहावी लागते. २०१६ च्या गुन्ह्याला जुनेच कलम लागू राहते आणि त्या तारखेपूर्वी सुरू झालेला खटलाही जुन्या प्रक्रियेनेच चालतो. रहस्यकथा लिहिणाऱ्या इतरांनीही घटनेची तारीख आणि कलमे यांचा मेळ एकदा तपासून पाहावा. अलीकडे छापल्या जाणाऱ्या कथांत या बाबतीत बराच गोंधळ दिसतो.

प्रकाशकाच्या पत्राचा तुम्ही थोडा चुकीचा अर्थ लावला असावा. वाचकाला तपशिलाचा कंटाळा येत नाही, समजावून सांगण्याचा येतो. कायद्याची जी बाब कोणाला तरी अडवते, भाग पाडते किंवा घाबरवते ती ठेवा; जी केवळ लेखिकेचा अभ्यास दाखवते ती काढून टाका. मुद्देमालाच्या पाकिटावरची लाखेची मोहोर फुटलेली आहे हे दिसले की पुरे, मुद्देमाल म्हणजे काय यावर परिच्छेद नको.

मामांचा तिसरा आक्षेप मला सर्वात गंभीर वाटतो आणि इथे मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे. छोट्या गावात नावे बदलल्याने काही लपत नाही; वर्ष, व्यवसाय आणि नाती यांवरून माणसे ओळखू येतात. मृत व्यक्तीवरचा आरोपही, तिच्या हयातीत तो बदनामीकारक ठरला असता आणि कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल, तर बदनामीच्या व्याख्येत बसू शकतो. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची किंवा बालकाची ओळख उघड करणे तर कायद्यानेच निषिद्ध आहे. पण कायद्याचा प्रश्न नसता तरी, त्या मृत माणसाची मुले कदाचित तुमच्याच शाळेत शिकून गेली असतील. म्हणून मूळ केसमधून केवळ तपासातला पेच घ्या आणि बाकी सगळे टाकून द्या: साखर कारखाना, कारकून, ट्रॅक्टर, खुनाचे कारण, कुटुंबाची रचना. वर मी उसाच्या फडाचे उदाहरण तुमच्या हस्तलिखिताला धरून दिले; तुमची कथा दूध संघात, खाणीत किंवा बंदरावर नेली तरी तो पेच तसाच उभा राहील. मामांकडे जुने सरकारी कागद असतील तर तेही मागू नका. जिल्हा न्यायालयांचे निकाल ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात, आणि सत्र न्यायालयातील सुनावणी, काही प्रकारचे खटले वगळता, कोणालाही बसून ऐकता येते. शाळेच्या आणि कोर्टाच्या दिवाळी व उन्हाळ्याच्या सुट्ट्या साधारण एकाच सुमारास येत असल्याने तुम्हाला दोन-चार रजा खर्च कराव्या लागतील, पण तपास अधिकाऱ्याची एक साक्ष अथपासून इतिपर्यंत ऐकल्याखेरीज ते प्रकरण लिहू नका.

हस्तलिखित बाजूला ठेवण्याचा विचार मात्र सोडून द्या. मामांना माणसांच्या खासगीपणाबद्दल बोलण्याचा अधिकार आहे आणि तो तुम्ही पाळावा. कादंबरीतल्या पोलिसाने चुकावे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तुमचा आहे आणि तो तुम्ही नम्रपणे स्वतःकडे ठेवावा. पुढच्या वेळी त्यांच्याकडे जाल तेव्हा कादंबरीचा विषय काढू नका. कोणत्या वकिलाच्या उलटतपासाचा त्यांना सर्वात जास्त त्रास झाला, आणि त्या दिवशी कोर्टातून बाहेर पडल्यावर ते कोणाशी काय बोलले, एवढेच विचारा. ते बोलत असताना वही उघडू नका; समोर कोणी लिहून घेऊ लागले की आपला जबाब नोंदवला जात आहे हे निवृत्त पोलिसाच्या चटकन लक्षात येते, आणि मग ते जबाबात शोभेल तेवढेच सांगतील.